हवेतला पारा मोजणारी माझी सून

बोईसर

बार्शीहून बोईसरला जाताना कुठे कुठे गाडी बदलावी लागते ते मी सांगत बसत नाही. ज्यांना जायचं आहे ते विचारत विचारत जातील, मीही तशीच गेले. पोचले ती संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, हातात दोन जड पिशव्या घेऊन. एकीत कपडे, दुसरीत ज्वारीचं पीठ, तिळगूळ आणि आमच्या डंखावर कांडलेलं तिखट. आमचा बार्शीत मिरची-मसाला कांडायचा डंख आहे. तो मी चालवते. आमचे हे म्हणाले, "जा, पंधरा दिवस मी बघतो," म्हणून माझं जाणं झालं. पंधरा दिवसांत गिऱ्हाइकं किती तुटतील याचा हिशेब मी गाडीतच सोडून दिला.

नितीन, माझा मुलगा, तिथल्या एका कारखान्यात पाळीवर जातो. सून संपदा हवा मोजते. हवा मोजते म्हणजे काय, हे लग्नानंतर तिने मला तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा मी मान हलवली होती. त्यातला 'पारा' एवढाच शब्द लक्षात राहिला होता. मला वाटायचं, वाऱ्याचा वेग बघत असेल, वेधशाळेसारखं. मग त्यासाठी एवढं शिक्षण कशाला लागतं, असंही वाटायचं. तोंडाने मात्र बोलले नाही. सासू म्हणून तेवढं शहाणपण मला आहे.

बोईसरचं मला पहिल्या संध्याकाळी नवल वाटलं ते बोलण्याचं. भाजी घ्यायला गेले तर मेथीवाला हिंदीत, रिक्षावाला हिंदीत, शेजारची बाई नांदेडची म्हणून मराठीत, पण तिची मुलं आपसांत हिंदीत. एकाच कोपऱ्यावर वडापाव, पलीकडे लिट्टी, त्याच्या पलीकडे इडली. पाळी सुटली की रस्ता डब्यांच्या पिशव्यांनी भरून जातो. मी मेथीवाल्याशी माझ्या हिंदीत घासाघीस केली. तो म्हणाला, "माताजी, आप मराठी में बोलो, वो समझ में आता है." मग मी मराठीत भांडले आणि जुडी स्वस्तात आणली.

घरी येताना हवेत आंबट, घशाला लागणारा वास आला. मी संपदाला म्हटलं, "हाच का गं तुझा पारा?"

"नाही आई, पाऱ्याला वास नसतो," ती म्हणाली. "वास येतो त्याची लोक तक्रार तरी करतात."

त्या संध्याकाळी तिने मला चौथ्यांदा सांगितलं आणि या वेळी मी मान न हलवता प्रश्न विचारले. पारा म्हणजे तोच, थर्मामीटरमधला. उघडा राहिला की हळूहळू हवेत उडून जातो. कोळसा जाळला की त्यातूनही निघतो. हवेतून फिरत फिरत पाण्यात उतरतो, पाण्यातून माशात जातो, माशातून ताटात. थोडा थोडा पोटात साठला तर मेंदूला, मज्जातंतूंना त्रास देतो, पोटातल्या बाळाला तर जास्तच. पूर्वी तो दवाखान्यात होता, घरच्या ट्यूबलाइटमध्ये होता, काही जुन्या धाटणीच्या रसायनांच्या कामात होता. मग काचेचे थर्मामीटर गेले, एलईडी आल्या, कामाच्या पद्धती बदलल्या. त्याने हवेत फरक पडला का, हे कोणीतरी वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहून मोजल्याशिवाय कळत नाही. ते संपदा मोजत होती.

लॅपटॉपवर तिने रेघा दाखवल्या. बोईसरची, तारापूरच्या बाजूची, पालघरची, वाणगावची. सगळ्या डावीकडे उंच आणि उजवीकडे उतरत आलेल्या. किती उतरल्या तो आकडा मी इथे लिहीत नाही, कारण तिने तो अजून छापलेला नाही आणि मला बजावून ठेवलं आहे. मी म्हटलं, "म्हणजे तू पारा कमी केलास की."

"मी नाही केला. मी फक्त मोजला."

पण एक रेघ वेगळी होती. सातपाटीच्या वरच्या अंगाला एक कोळीवाडा आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या बायकांना बाजारात बसायचं असतं. त्या गावाची रेघ इतर रेघांसारखीच उतरत आली होती आणि शेवटच्या टोकाला रागावलेल्या मांजराच्या शेपटासारखी ताठ उभी राहिली होती. आणि त्याच गावात येत्या रविवारी सभा होती. पालघरच्या बाजारात गिऱ्हाईक पाटीत हात घालण्याआधी विचारायला लागलं होतं, मासळी कुठली, कारखान्याच्या बाजूची तर नाही ना. तिथल्या बायकांनीच संपदाला सांगितलं होतं की एवढी वर्षं आमच्या माळ्यावर हवा मोजायचे डबे टांगलेस, आता एकदा सगळ्यांसमोर सांग, हवा सुधारली की नाही. ती हो म्हणून बसली होती. आणि मग हा आकडा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या वरिष्ठांचा फोन आला. ती पोळ्या लाटत होती म्हणून स्पीकरवर ठेवला, त्यामुळे मलाही ऐकू आला. ते म्हणाले, "ते गाव या वेळी वगळा. नमुना बिघडला म्हणून सांगा. बाकीची गावं छान आहेत, तीच दाखवा."

"बिघडला हे मला अजून माहीत नाही, सर," ती म्हणाली. "खरंच वाढला असेल तर?"

फोन ठेवल्यावर मी पण तिला तेच सांगितलं. म्हटलं, "अगं, एका गावासाठी सगळं मुसळ केरात घालतेस का? काढून टाक तो एक आकडा. कोण बघायला येतंय?"

तिने पोळी उलटली आणि शांतपणे म्हणाली, "आई, तुमच्या काट्यावर एखाद्या दिवशी वजन जास्त दाखवलं तर तुम्ही काय करता? गिऱ्हाईक काढून टाकता का?"

मला राग आला. मी दुसरी पोळी वाढून घेतली.

वाणगाव

सभेच्या आधी तिला वाणगावच्या एका वाडीतले डबे बदलायचे होते. मी म्हटलं, मी पण येते. खरं सांगायचं तर मला मिरची बघायची होती. वाणगावची हिरवी मिरची आमच्या बार्शीपर्यंत नावाने पोचलेली आहे आणि मी मिरचीची बाई आहे. वाडीत शिरल्यावर जीव हरखला. ओळीने झाडं, पानांखाली लोंबणाऱ्या मिरच्या, बायका कमरेला फडकं बांधून तोडतायत. मी एक मोडून जिभेला लावली. चव तिखट, पण उतावळी, आली तशी गेली. आमची ब्याडगी-लवंगी कशी मागाहून येऊन बसते तसं नाही. तोडणाऱ्या बाईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, आमी ही कच्ची खातो, तुमी वाळवून खाता. मग ती बसंलच की." बरोबर होतं तिचं.

तोवर संपदा शिडी लावून खांबावर चढली होती. डबे म्हणजे काय, तर उलट्या वाटीसारखं पांढरं झाकण, त्याच्या आत जाळीची नळी आणि नळीत काळा कोळशाचा चुरा. हवा आपोआप आत जाते, तिच्यातला पारा कोळशाला चिकटतो. काही महिन्यांनी तो कोळसा प्रयोगशाळेत नेऊन जाळायचा आणि किती पारा निघाला ते मोजायचं. ऐकायला सोपं. करताना बघितलं तेव्हा कळलं. हातात मोजे, तोंडाला फडकं, नळी काढली की लगेच डबी बंद, डबीवर चिकटपट्टी. मी कपाळाला बाम चोळला होता म्हणून मला तिने वाऱ्याच्या खालच्या अंगाला, लांब, शेवग्यापाशी उभं केलं. सासूला. आणि मी उभी राहिले.

दोन डबे शेजारी शेजारी टांगलेले होते. मी लांबूनच ओरडून विचारलं, "दोन का गं?"

"एक खोटं बोललं तर दुसऱ्यावरून कळतं."

"आणि दोघं मिळून खोटं बोलले तर?"

"तसं सहसा होत नाही," ती वरून म्हणाली. मग जरा बारीक आवाजात, "त्या गावातले दोन्ही डबे तेच सांगतायत. म्हणून तर भीती वाटते."

शिडीवर पाय रोवून, एका हाताने खांब धरून ती नळी बसवत होती आणि मी खालून बघत होते. माझ्या डंखावर काम करणाऱ्या बायका मी निवडून घेते. जी बाई घाम आला तरी चाळण पुन्हा झाडते, तिला मी ठेवते. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की ही माझ्याकडे आली असती तर मी तिला ठेवली असती. याहून मोठी शाबासकी माझ्याकडे नाही.

येताना वाडीवाल्या बाईने चिकू दिले आणि पिशवीभर मिरच्या. पैसे घेतले नाहीत. मी तिला माझं तिखट दिलं.

कोळीवाडा

शुक्रवारी आम्ही त्या गावाला गेलो. सभेच्या आधी संपदाला जागा बघायची होती. बरोबर तिने एक छोटं यंत्र घेतलं होतं, खांद्याला अडकवायचं, पुढे नळी असलेलं. ते तिथल्या तिथे हवेतला पारा दाखवतं. प्रयोगशाळेइतकं बारीक नाही, पण जवळपास कुठे पारा सांडला असेल तर लगेच कळतं.

गावात शिरलं की बांबूंच्या आडव्या दांड्या, एकावर एक, आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील. माझ्या माहेरी-सासरी कोणी मासे खात नाही, त्यामुळे त्या वासाने मी पदर नाकाला लावला. पदर लावायच्या नादात मागे सरले आणि साडी दांडीत अडकली. ओढली तर एक अख्खी रांग खाली. तिथल्या दोन बायका कमरेवर हात ठेवून बघत होत्या. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. त्यातली एक म्हणाली, "आवो, सावकाश. बोंबील मेलेला हाय, पळनार नाय." हीच जमनाबाय.

जमनाबाय माझ्याच वयाची. नवरा होडीवर, मुलगे होडीवर, मासळी विकणं हिच्याकडे. संपदाने पहिल्यांदा डबे टांगायला जागा मागितली तेव्हा गावात कोणी तयार नव्हतं. म्हणत होते, सरकारी भानगड असेल, उद्या आमच्यावरच उलटेल. हिने आपल्या घराचा माळा दिला आणि चार घरं फिरून सगळ्यांना समजावलं. संपदाला ती "पोरी" म्हणते. सुनेला दुसऱ्या कोणी बाईने पोरी म्हटलेलं मला जरा टोचलं, ते जाऊ दे.

तिथले डबे तिने आधीच तपासायला काढून नेले होते, त्या रिकाम्या माळ्यावर यंत्र लावलं. आकडा बाकी गावांसारखाच. परसात लावलं, तसाच. गल्लीत, होड्यांपाशी, मच्छीमार सोसायटीच्या बर्फापाशी, सगळीकडे तसाच. संपदाचा चेहरा उतरत गेला. कुठेतरी जास्त दिसलं असतं तर शोध लागला असता. काही न दिसणं जास्त वाईट होतं.

"घरात थर्मामीटर फुटला होता का? ट्यूब?" तिने विचारलं.

"नाय बाय. ट्यूब केवाच काढल्या."

चहा झाला. माझ्यासाठी जमनाबायने तांदळाची भाकरी आणि नारळाची चटणी केली होती. आमच्याकडे भाकरी थापून करतात ती ज्वारीची, कडक, पापुद्रा फुगलेली. ही मऊ, पांढरीशुभ्र, दुमडली तर दुमडते. चटणी मात्र फिकी वाटली. मी पिशवीतून माझं तिखट काढून वर भुरभुरलं, तिनेही घेतलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तुमी रोज ह्ये खाता?" आमची गट्टी जमली. बोलण्याच्या भरात साहेबांचा फोन आणि मी संपदाला दिलेला सल्ला, दोन्ही मी तिला सांगून बसले.

निघताना ती म्हणाली, संक्रांत हाय, कुंकू लावल्याबिगर जायचं नाय. करंडा आणला, मग तो ठेवून दिला आणि आतून एक छोटी पितळी डबी आणली. "हा हिंगूळ हाय, अस्सल. जत्रेत येनाऱ्या एका म्हाताऱ्याकडनं घेते. म्हाग असतो. आमी सोता लावत नाय, होडीला लावतो. पन तुमी पयल्यांदा आलात." तिने बोट बुडवलं आणि माझ्या कपाळावर टिळा लावला. काय रंग होता तो. आमच्या कुंकवाचा लाल त्याच्यापुढे काहीच नाही. मी खूश.

संपदा कोपऱ्यात यंत्र बंद करत होती. तिने मान वर केली, माझ्या कपाळाकडे बघितलं आणि विचारलं, "जमनाबाय, काय म्हणालात, हिंगूळ?" पुढे आली, यंत्राची नळी त्या डबीजवळ धरली. आकडा चढायला लागला. चढतच राहिला. ती वळली, ओला रुमाल घेतला आणि माझ्या कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं.

आमचे हे धडधाकट, बार्शीत डंखावर बसलेले. आणि परक्याच्या घरात, हळदीकुंकवाला, सुनेने सासूचं कुंकू पुसलं. मी म्हटलं, "संपदे, डोकं फिरलं का तुझं?" जमनाबायने तोंडावर हात ठेवला होता.

"आई, तो पारा आहे," ती म्हणाली. "हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. हा नीट भाजलेला पण नाही, त्यात मोकळा पारा राहिलाय." मग साध्या करंड्यातलं कुंकू तिने स्वतः माझ्या कपाळाला लावलं आणि वाकून नमस्कार केला. माझा राग निम्मा गेला. निम्मा राहिला.

मग ती जमनाबायकडे वळली. "हा होडीला लावता. आणि कुठे?"

"होडीला. इंजिनाला. जाळं वढायच्या मशिनीला. दसऱ्याला सगळ्याच मशिनींना लावतो की, तुमी नाय लावत? घरात लोखंडाचं, कामाचं जे हाय त्याला टिळा लावायचा, हार घालायचा." आणि मग ती अगदी सहज म्हणाली, "ह्या दसऱ्याला पयल्यांदाच तुज्या त्या डब्यांना पन लावला. वर्षभर आमची हवा राखतात बिचारे. आत ती नळी हाय ना, तिला. वरनं काय, कोनी पन लावंल."

"दोन्ही डब्यांना?"

"दोगांना. जुळे भाव दिसतात. येकाला टिळा लावायचा नि दुसऱ्याला तसाच ठेवायचा, बरं दिसतं का?"

संपदा खाली बसली. आधी मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती आणि डोळ्यांत पाणीही होतं. दोन डबे एकमेकांची चोरी पकडायला टांगले होते आणि या बाईने दोघांना सारखाच मान दिला. एवढ्या वर्षांच्या शिक्षणात तिला कोणी सांगितलं नव्हतं की असं होऊ शकतं. मला हसता आलं नाही, कारण मी दर दसऱ्याला माझ्या डंखाला टिळा लावते, मोटरीला लावते, काट्याला लावते. माझ्या माळ्यावर ते डबे असते तर मीही लावला असता.

जमनाबायला हळूहळू उमगलं. तिचा चेहरा पडला. "मंजे तो आकडा माज्यामुळं?"

"अजून माहीत नाही," संपदा म्हणाली. "उद्या बघते." पितळी डबी तिने पिशवीत घालून, दुसऱ्या पिशवीत घालून, घट्ट बांधून घेतली आणि जमनाबायला बजावलं की असला हिंगूळ पुन्हा घरात आणायचा नाही, पोरांच्या हाताला तर लागूच द्यायचा नाही.

सभा

शनिवारी तिने प्रयोगशाळेत कणभर हिंगूळ कोळशाच्या चुऱ्यावर टाकून जाळून बघितला. पाऱ्याचा नुसता लोंढा निघाला. आता मला वाटलं, सुटलो. म्हटलं, "झालं तर मग. उद्या सांगून टाक, हवा छान आहे."

"तसं नाही सांगता येत. हिंगुळाने आकडा फुगला हे कळलं. त्याच्या खाली खरा आकडा किती होता, ते कसं कळणार? तो गेला तो गेलाच."

"मग उद्या काय सांगणार?"

"माहीत नाही म्हणून सांगणार."

मला धडकी भरली. गावाने वर्षानुवर्षं वाट बघून सभा बोलवायची आणि हिने जाऊन माहीत नाही म्हणायचं. वर जमनाबायचं काय? हिने खरं सांगितलं तर त्या बाईची गावभर शोभा. बाजारात पाटी घेऊन बसेल तेव्हा बाया टोमणे मारतील. आणि नाही सांगितलं तर खोटं. मी विचारलं, "तिचं नाव घेणार का?" ती म्हणाली, "तेच कळत नाहीये." त्या रात्री ती नीट जेवली नाही.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बायका पुढे, खाली बसलेल्या. पुरुष मागे, भिंतीला टेकून. मी एका खांबाशी. जमनाबाय दुसऱ्या रांगेत, मान खाली. चेअरमन म्हणजे पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे. ते म्हणाले, "बाई, लांबन लावू नका. येका वाक्यात सांगा. आमची हवा सुदारली का नाय?"

संपदा उभी राहिली. "गेल्या उन्हाळ्यापर्यंत सुधारत होती. हवेतला पारा दर वर्षी थोडा थोडा उतरत होता. त्यानंतरचं मला माहीत नाही."

हॉलमध्ये कुजबूज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "मग जमवलं कशाला आमाला?"

तिने ती उभी राहिलेली रेघ भिंतीवर दाखवली. लपवली नाही, बारीक करूनही नाही दाखवली. म्हणाली, "हा आकडा बघा. एवढा पारा कुठल्याच गावात नाही. पण तो हवेतला नाही. दसऱ्याला डब्यांची पूजा झाली आणि हिंगूळ आत गेला. हिंगुळात पारा असतो. यात चूक माझी आहे. डबे मी लावले. आपल्याकडे यंत्र दिसलं की दसऱ्याला त्याला टिळा लागतो, हे लहानपणापासून बघितलंय मी. तरी ते मला सुचलं नाही. मी आधीच सांगायला हवं होतं. आता नवीन डबे लावायचे, काही महिने थांबायचं, आणि मगच मी तुम्हाला उत्तर देऊ शकते."

"पूजा केली कोनी?" एका बाईने विचारलं.

"जबाबदारी माझी आहे," संपदा म्हणाली. "नाव कशाला हवं?"

आता डबे कुणाच्या माळ्यावर होते हे शेंबडं पोरही जाणत होतं. सगळ्यांच्या माना वळल्या. दोनचार जणी हसल्या. मला राहवलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभावच. मी खांबापासूनच म्हटलं, "अहो, हसताय काय? मी बार्शीची, माझा डंख आहे, मी दर दसऱ्याला मोटरीला टिळा लावते. तुमच्यातल्या कोणी इंजिनाला लावला नाही, त्याने हात वर करा."

कोणाचाच हात वर झाला नाही. तेवढ्यात जमनाबाय उठली. पदर खोचला आणि सभेकडे तोंड करून म्हणाली, "कोनी मंजे? माजा माळा, माजे डबे, दुसरी कोन जानार तिथं? मी लावला. दोगांना लावला. आता हसून झालं असंल तर आयका. हिच्या सायबानं हिला सांगितलं व्हतं, ह्ये गाव सोडून दे. सासू पन तेच बोलली, माज्याच घरी कबूल केलं तिनं. तरी ही आज हितं उभी हाय. आजवर जे आले ते 'सगळं बरं हाय' बोलून च्या पिऊन गेले. 'मला म्हाईत नाय' बोलनारी ही पयलीच."

सासूचं नाव असं भरसभेत निघालं आणि अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी पदर सावरला. पण सांगते, लाज वाटायच्या जागी मला छाती फुगल्यासारखं झालं. तिने माझं ऐकलं असतं तर त्या वेळी त्या हॉलमध्ये ताठ मानेने कोणालाच बसता आलं नसतं, मला तर नाहीच.

चेअरमननी मिशांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "दुदानं तोंड पोळलेलं हाय आमचं. ताक पन फुंकून पितो. पन बाई, तुमी खरं बोलला. लावा परत डबे." मग जमनाबायकडे बघून, "नि तू परत दसऱ्याला काय करनार?"

"खांबाला हार," ती म्हणाली. "वर हात नाय लावनार. कोनाला लावू पन देनार नाय."

सभा संपली ती सरळ जमनाबायच्या माळ्यावर. संपदाने नवीन डबे टांगले आणि खाली निम्मं गाव मान वर करून बघत होतं. माझ्या शेजारच्या बाईने विचारलं, "तुमची लेक का?" मी म्हटलं, "सून." ती म्हणाली, "नशीब काढलंत." मी तिला सांगितलं की नशीब माझ्या मुलाने काढलं, मी नुसती त्याची आई आहे.

बार्शी

परत आल्यावर डंखावर बायका जमल्या आणि मी त्यांना बोंबलांची गोष्ट सांगितली, भाकरीची सांगितली, वाणगावच्या मिरचीची सांगितली. पुसलेल्या कुंकवाची सांगितली तेव्हा सगळ्यांचे हात आपापल्या कपाळाला गेले. हिंगूळ काय असतो ते मला त्यांना समजावून सांगावं लागलं. कोणाकडे असला तर घरात ठेवू नका, जाळू तर मुळीच नका, एवढं मी गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं.

उन्हाळा सरत आला होता. डंखावर मिरचीची गर्दी होती, नाकातोंडात ठसका, आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. जमनाबाय.

"आवो, आला आकडा," ती म्हणाली. "उतरला. बाकी गावांसारकाच उतरला. पोरीनं सकाळी फोन करून सांगितलं. मी लगेच पाटी घेऊन पालघरला आले, सगळ्या बायांना सांगितलं. आता गिऱ्हाईक इचारतं, मासळी कुटली, तर आमी काय सांगतो म्हाईत हाय? आमच्या गावची. तिथली हवा मोजलेली हाय, आमच्या पोरीनं मोजलीय."

सकाळीच सांगितलं होतं म्हणे. मला, तिच्या सख्ख्या सासूला, अजून फोन नव्हता. मोटर बंद करून मी पायरीवर येऊन बसले. आमची पोर, असं ती पुन्हा एकदा म्हणाली, आणि मागे बाजारातल्या बायकांचा गलका ऐकू येत होता. सून माझी आहे, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण मी ते सांगितलं नाही. म्हटलं, "हो, तुमचीच आहे ती."